पुठ्ठ्याचे खडक आणि साठी गाठलेलं यान : जुनं स्टार ट्रेक अजूनही का बघवतं?

निवांत

जुनं स्टार ट्रेक म्हणजे ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली आणि ३ जून १९६९ ला गुंडाळलेली, 'एंटरप्राइझ' या अंतराळयानावरची ७९ भागांची मालिका. नेक्स्ट जनरेशन, डीप स्पेस नाइन, नवे सिनेमे वगैरे इथे नकोत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

सध्या ती क्रमाने परत बघतोय. खडक पुठ्ठ्याचे आहेत हे आंधळ्यालाही कळेल. ग्रह बदलला की मागच्या पडद्याचा रंग बदलतो, बाकी ग्रह तोच. मारामारी सुरू झाली की यानाचा कॅप्टन कर्क याच्या जागी दुसराच कोणीतरी आडदांड माणूस येतो आणि त्याचा चेहरा चक्क दिसतो. कर्क उठसूट शर्ट फाडून घेतो. तरी एक भाग संपला की माझा हात पुढच्या भागाकडे जातो. उलट अलीकडच्या, पाण्यासारखा पैसा ओतलेल्या दोनतीन मालिका मी अर्ध्यावर सोडल्या.

माझं मत सरळ आहे. टिकलंय ते तिघांचं भांडण. संकट आलं की टोकदार कानांचा, व्हल्कन ग्रहावरचा स्पॉक थंडपणे हिशेब मांडतो, यानाचा डॉक्टर मॅकॉय त्याच्या अंगावर खेकसतो की इथे माणसं मरतायत, आणि कर्कला दोघांचं ऐकून घेऊन लगेच काहीतरी ठरवायचं असतं. बाकी यान, किरणं, परग्रहवासी हे सगळं त्या भांडणाला निमित्त.

पटतंय का? नसेल तर का नाही?

बोरीबंदर

रुमाल टाकून ठेवतो. लोकलमध्ये आहे, रात्री लिहितो.

ठाण्याची ठकू

अरे, कुठे नेऊन सोडलंस! ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. आम्ही मराठी माध्यमवाले, इंग्रजी फारसं कळायचं नाही. पण त्या कानवाल्याची भुवई वर गेली की काहीतरी गडबड झालीय एवढं कळायचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "तो टोकदार कानांचा आला का रे?" तो आला की तीही हातातलं काम टाकून दारात उभी राहायची.

एक गंमत सांगते. पुढे अमेरिकेतल्या लोकांचे "लाल शर्टवाला मेलाच समजा" हे विनोद वाचले तेव्हा काही संदर्भच लागेना. आमचा टीव्ही काळा-पांढरा! लाल कोण, निळा कोण, कशाला पत्ता? ग्रहावर चौघं उतरली की त्यातला कोण जाणार हे आम्हाला खरोखरच माहीत नसायचं. त्यामुळे आम्ही अमेरिकनांपेक्षा जास्त घाबरून बघितलंय.

अर्धवट_इंजिनियर

ठकूताई, हे लय भारी!!

निवांत, पैशाचा मुद्दा काढलास म्हणून. ते 'ट्रान्सपोर्टर' प्रकरण, उभ्या उभ्या विरघळायचं आणि ग्रहावर उगवायचं, ते तरी कुठून आलं? दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायचं तर खर्च परवडेना. म्हणून माणसंच खाली पाठवली. त्याचा फायदा असा की भाग सुरू झाल्यावर दोन मिनिटांत गोष्ट सुरू. मॅकॉयची शस्त्रक्रियेची अवजारं म्हणजे चक्क मिठाच्या वेगळ्या घडणीच्या डब्या होत्या. आणि यानातले ते सूंऽऽ करून आपोआप उघडणारे दरवाजे? मागे उभी असलेली माणसं ओढायची. वेळ चुकली की नट दारावर आपटायचा. यूट्यूबवर आहेत ते तुकडे.

कॉपरनिकस कांदेपोहे

आणि 'बीम मी अप, स्कॉटी' (स्कॉटी म्हणजे यानाचा इंजिनियर) हे प्रसिद्ध वाक्य जसंच्या तसं त्या ७९ भागांत एकदाही नाही. सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी लिहिणारच.

खडूस आजोबा

इथे सगळे भावुक झालेत म्हणून मी जरा पाणी ओततो.

ही मालिका टिकली कारण ती पडली. एनबीसीला पहिला नमुना-भाग 'द केज' फारच डोक्याला ताण देणारा वाटला, म्हणून नाकारला. त्यांनी दुसरा मागितला, त्यात कॅप्टन बदलला, जेफ्री हंटर जाऊन विल्यम शॅटनर आला. सादर करणारी कंपनी डेसिलू, म्हणजे ल्युसिल बॉलची. विनोदी नटी म्हणून आपण तिला ओळखतो, पण या बाईने पाठीशी उभं राहून पैसे लावले नसते तर काहीच झालं नसतं. पुढे प्रेक्षकसंख्या बेताचीच. दुसऱ्या वर्षी बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम चालवली, पत्रांचे ढीग पडले, तिसरं वर्ष मिळालं. पण मिळालं कसं, तर शुक्रवारी रात्री १० ला! ज्या तरुणांनी बघायचं ते त्या वेळी घरात असतात का? झालं, संपलं.

आता खरी मेख. तीन वर्षांमुळे भाग ७९ झाले. इतके हाताशी असले की गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना रोज एक या हिशेबाने दाखवता येतात. त्यांनी ते घेतले आणि संध्याकाळी, शाळा सुटून आलेली पोरं घरात असताना, परत परत लावले. सत्तरच्या दशकात अख्खी पिढी त्यावर पोसली गेली. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचा मेळावा भरला तो मालिका बंद पडल्यानंतर! म्हणजे तिघांचं भांडण वगैरे ठीक आहे हो, पण खरं श्रेय पुनःप्रक्षेपणाला. आपल्याकडे काही सिनेमे केबलवर लागून लागून अजरामर झाले, त्यातलाच प्रकार.

निवांत

आजोबा, मुद्दा दमदार आहे. पण त्या काळात पडलेल्या मालिका कमी होत्या का? पुनःप्रक्षेपण कित्येकांचं झालं. मेळावे कोणाचे भरले? १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या शटलचं नाव बदलून 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं, पामडेलला ते हँगरमधून बाहेर आणलं तेव्हा ही नटमंडळी समोर उभी होती. नुसतं रोज संध्याकाळी लागल्याने हे होत नाही.

खडूस आजोबा

होतं. सवय फार मोठी गोष्ट आहे. आमच्या हिला विचारा.

शून्यातली

श्रेयाचं निघालंच आहे तर एक नाव इथे अजून कोणी घेतलं नाही. जीन कून.

सगळे जीन रॉडनबेरी, जीन रॉडनबेरी करतात. कल्पना त्याची, मान्य. पण पहिल्या वर्षाच्या मध्यावर कून निर्माता म्हणून आला आणि आपण आज ज्याला स्टार ट्रेक म्हणतो त्यातलं कितीतरी त्याच्या हातून आलं. क्लिंगॉन ही शत्रूजमात त्याची. दुसऱ्यांच्या संस्कृतीत ढवळाढवळ करायची नाही हा नियम त्याच्या काळात पक्का झाला. 'द डेव्हिल इन द डार्क' त्याने लिहिला. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला तो सर्वोत्तम भाग.

एका ग्रहावर खाण. कोणीतरी राक्षस खोलवर खाणकामगारांना जाळून मारतोय. कामगार चिडलेले, हातात सोटे घेऊन निघालेले. तो राक्षस म्हणजे खडकातून आरपार जाणारा, सिलिकॉनचा जीव, हॉर्टा. दिसायला खरं सांगू का, जळलेला पिझ्झा सरपटतोय असं. यानोस प्रोहास्का नावाचा कलाकार आत शिरून रांगायचा. हसू येतं. आणि मग स्पॉक त्या जखमी जीवावर हात ठेवतो, आणि त्याच्या तोंडून तिची वेदना बाहेर येते, आणि कळतं की कामगार जे गोल गोल दगड म्हणून फोडत होते ती तिची अंडी आहेत. ती आई आहे. मी सरपटणाऱ्या पिझ्झासाठी रडलेय!

तसंच डोरोथी फोंटाना. डी. सी. फोंटाना अशा आद्याक्षरांनी लिहायची. स्पॉकचे आईवडील आपल्याला भेटतात तो 'जर्नी टू बेबेल' तिचा. मुलाने बापाच्या मनाविरुद्ध करिअर निवडलं म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरणारा व्हल्कन बाप. किती घरांत आहे हे!

हौशी नट

शून्यातली, +१००. जळलेला पिझ्झा वाचून चहा सांडला.

आम्ही नाटकवाले हे सगळं वेगळ्या नजरेने बघतो. निवांत, तू खडक पुठ्ठ्याचे म्हणतोस, मी म्हणतो ते नेपथ्य आहे! पुरुषोत्तमला आम्ही दोन ठोकळे टाकून राजवाडा केला होता, प्रेक्षकांनी मानला. इथेही तेच चालू आहे. छायालेखक जेरी फिनरमन नुसत्या राखाडी भिंतींवर जांभळा, हिरवा, नारिंगी प्रकाश टाकायचा आणि त्यातून जागा उभी करायचा. कर्कच्या डोळ्यांवर पडणारी ती प्रकाशाची आडवी पट्टी आठवा. हा रंगमंचाचा प्रकाश आहे, सिनेमाचा नाही.

शॅटनरला लोक चिडवतात. थांबून थांबून बोलतो, हातवारे करतो. अरे, तो स्ट्रॅटफर्डच्या महोत्सवात शेक्सपियर करून आलेला माणूस. १९५६ मध्ये क्रिस्टोफर प्लमर आजारी पडला तेव्हा आयत्या वेळी 'हेन्री द फिफ्थ' उभा केला होता त्याने. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या हिशेबाने बोलतो. आणि शेजारी लिओनार्ड निमॉय, जो काहीच करत नाही. नुसती भुवई. एकाने आग लावायची आणि एकाने गार राहायचं, ही जोडी दिग्दर्शकाला मागून मिळत नाही.

२००६ मध्ये त्यांनी जुने भाग स्वच्छ करून यानाची दृश्यं संगणकावर नव्याने केली. बघू नका असं म्हणत नाही. पण मला जुनंच यान आवडतं.

कॉपरनिकस कांदेपोहे

आता भारतीय कोनाकडे वळू या का?

'स्पेस सीड', १९६७. खान नूनियन सिंग! जनुकं सुधारून तयार केलेला हुकूमशहा, नव्वदच्या दशकात पाव पृथ्वीवर राज्य करून गेलेला. यानावरची इतिहासतज्ज्ञ बाई त्याला बघून सांगते, उत्तर भारतातला, बहुधा शीख. आणि नावाच्या जागी लावलं खान तर खान! भूमिका कोणी केली, तर मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबानने. फेटा कुठे दिसतो, तर त्या बाईने काढलेल्या चित्रात.

आता यावर चिडावं की खूश व्हावं? माझं मत, खूश. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर भारतीय म्हणजे गारुडी नाहीतर महाराज. इथे निदान कर्कला बुद्धीने भारी पडणारा माणूस दाखवलाय. कर्क त्याला मारत नाही, शिक्षा म्हणून एक अख्खा ग्रह देऊन टाकतो.

टोरांटोची माई

खानाचं सांगितलंत आणि आपल्या मुंबईच्या पोरीला विसरलात? पर्सिस खंबाटा! १९६५ ची मिस इंडिया. १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमात तिने आयलिया केली, डोकं पूर्ण भादरून. केसांच्या जाहिराती करण्याच्या काळात एका सौंदर्यवतीने हे करायचं म्हणजे काय छाती लागते! १९९८ मध्ये फार लवकर गेली बिचारी.

निवांत, सिनेमा या धाग्यात चालत नसेल तरी हे राहू द्या.

आणि आमच्या कॅनडावाल्यांचा हिशेब पण मांडून ठेवते. शॅटनर मॉन्ट्रियलचा, स्कॉटी झालेला जेम्स डूहान व्हँकुव्हरचा. स्कॉटिश बोली त्याने नुसती लावली होती.

निवांत

माई, पर्सिससाठी नियम शिथिल. :)

ठाण्याची ठकू

आपल्याकडेही प्रयत्न झालेच की. 'स्पेस सिटी सिग्मा' आठवतंय का कोणाला? दूरदर्शनवर लागायचं. आणि नंतर मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम', १९९८ चा. जायंट रोबॉट तर होताच, पण तो जपानी.

अर्धवट_इंजिनियर

सिग्मा!!! गच्चीवर पत्र्याचं यान केलं होतं आम्ही. वडिलांनी सापडल्यावर भंगारात घातलं.

रेवा आणि तिचा गोंधळ

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान. मला आठवणीबिठवणी काही नाहीत, मागच्या सुट्टीत पहिल्यांदा बघितलं. त्यामुळे आजोबांचा सवयीचा मुद्दा माझ्या बाबतीत बाद.

सुरुवातीला मैत्रिणी आणि मी नुसत्या हसतच बघत होतो. मग 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडन' लागला. दोन ग्रहांचं पाचशे वर्षं युद्ध चालू आहे, पण बाँब पडतच नाहीत. संगणकावर हल्ला होतो, संगणकच मेलेल्यांची यादी काढतो आणि यादीत नाव आलेली माणसं शिस्तीत रांग लावून, स्वतःच्या पायाने चालत एका यंत्रात जातात आणि नाहीशी होतात. इमारती शाबूत, रस्ते स्वच्छ, संस्कृती टिकून. म्हणूनच युद्ध थांबवायची घाई कोणालाच नाही. १९६७ चा आहे हा भाग! आम्ही हसायचं थांबलो.

'द अल्टिमेट कॉम्प्युटर' (१९६८) तर आज लिहिल्यासारखा वाटला. अख्खं यान चालवू शकणारं यंत्र बसवतात, कॅप्टनला कळतं की आपली आता गरज उरली नाही. यंत्र बनवणाऱ्या डॉ. डेस्ट्रमने स्वतःच्या मेंदूचा ठसा त्यात उतरवलेला असतो, त्यामुळे त्याचा अहंकार, त्याची भीती सगळं त्यात आलंय. सरावाच्या लढाईत ते खरोखरच माणसं मारायला लागतं. आणि डेस्ट्रम हा त्या काळातला सर्वांत थोर संगणकशास्त्रज्ञ कृष्णवर्णीय दाखवलाय, त्यावर भागात कोणी एक शब्दही बोलत नाही. विल्यम मार्शलने काय काम केलंय!

फक्त ते बायकांचे आखूड कपडे आणि प्रत्येक ग्रहावर कर्कसाठी एक बाई, हे नाही झेपत.

शून्यातली

रेवा, बरोबर बोललीस. आणि शेवटच्या भागात तर कळस. 'टर्नअबाउट इंट्रूडर' मध्ये एक बाई कर्कशी शरीराची अदलाबदल करते, आणि सूर असा की बायकांना कॅप्टन होता येत नाही. दूरवरच्या भविष्यातलं जग म्हणे!

माळरान

आजच्या चष्म्यातून १९६९ ला मार्क देणं मला पटत नाही. तेव्हा यानाच्या पुलावर (म्हणजे जिथून यान चालवतात त्या कक्षात) उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी बसलेली होती हे काय कमी आहे? तिचं काम करणारी निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होती. तिनेच सांगितलेला किस्सा आहे, मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, सोडू नकोस. ती थांबली. पुढे १९७७ मध्ये नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवारांना अंतराळवीर व्हायला बोलावत ती देशभर फिरली, पुढच्याच वर्षीच्या तुकडीत सॅली राइड होती. मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात गेली ती लहानपणी उहुराला बघूनच.

शून्यातली

माळरान, उहुराबद्दल आदरच आहे. पण किंग यांनी थांबायला सांगितलं म्हणून थांबलेल्या नटीला बहुतेक भागांत काम काय दिलं? कानात ते यंत्र धरून "संदेश येत नाही, कॅप्टन." तिचं मोठेपण तिचं आहे, लेखकांचं नाही. १९६९ च्या बायकांनाही हे दिसत होतंच, चष्मा आजचाच लागतो असं नाही.

माळरान

बरं. एवढं मान्य. शेवटचा भाग भिकार आहे हेही मान्य.

कॉपरनिकस कांदेपोहे

मराठी आंतरजालावर कोणीतरी "मान्य" म्हणालं! स्क्रीनशॉट घेतलाय.

बोरीबंदर

आलो. एवढ्यात धागा कुठच्या कुठे गेला.

निवांत, तुझं तिघांचं भांडण मला अर्धं पटतं. पण एक गोष्ट राहून जातेय असं वाटतं. ही मालिका करणारी माणसं कोण होती ते बघा. रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये बी-१७ बाँबफेकी विमानं चालवायचा, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसांत होता. जीन कून मरीन दलात होता. डूहान ६ जून १९४४ ला कॅनडाच्या तुकडीबरोबर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, त्या रात्री गोळ्या लागल्या, उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत तो हात जपून लपवलेला असतो. आणि सुलू झालेला जॉर्ज टाकेई? तो लहान असताना जपानी वंशाचा म्हणून अमेरिकन सरकारने त्याच्या घरच्यांना उचलून आर्कान्सामधल्या छावणीत तारेच्या कुंपणामागे ठेवलं होतं.

म्हणजे जपानविरुद्धच्या युद्धात विमान चालवलेल्या माणसाने वीसच वर्षांनी जपानी वंशाच्या नटाला यानाच्या सुकाणूवर बसवलं. शेजारी शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन चेकॉव्ह. ही भाबडी आशा नाही. माणूस काय करू शकतो हे बघून आलेल्या लोकांनी मुद्दाम, हट्टाने मांडलेली आहे ती.

'बॅलन्स ऑफ टेरर' बघा. रोम्युलन नावाचे शत्रू पहिल्यांदा दिसतात आणि त्यांचे कान स्पॉकसारखे निघतात. झालं, यानावरचा एक अधिकारी लगेच स्पॉककडे हेर म्हणून बघायला लागतो. कर्क त्याला तिथल्या तिथे झापतो. घरातलं वैर घरात ठेव, माझ्या पुलावर नको, अशा अर्थाचं. टाकेई तिथेच बसून हे ऐकतोय! आणि शत्रूचा सेनापती इतका थकलेला, इतका सज्जन, की तो मरतो तेव्हा जिंकल्याचा आनंद होत नाही. हे ज्याने युद्ध सिनेमातच बघितलंय त्याला सुचणार नाही. नव्या मालिकांत जग संपायला आलेलं असतं, सगळे उदास, सगळे एकमेकांना फसवणार. सुरक्षित आयुष्य जगलेल्या लोकांना उदासी सोपी जाते असं आपलं माझं मत. (दगड मारा.)

शून्यातलीने सांगितलेल्या हॉर्टाच्या भागाचा शेवट तिने लिहिलाच नाही. माफीनामे नाहीत, गळाभेटी नाहीत. व्यवहार ठरतो. तिची पिल्लं बोगदे खोदणार, माणसं धातू काढणार, कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. शांतता म्हणजे अशी रोखठोक असते हे त्यांना माहीत होतं.

खडूस आजोबा

बोरीबंदर, उत्तम लिहिलंत. तरीही रोज संध्याकाळी लागलं नसतं तर हे सगळं डब्यात राहिलं असतं. मी मुद्दा सोडत नाही.

निवांत

आजोबा, तुमचा मुद्दा 'कसं टिकलं' याचा आहे, बोरीबंदरचा 'का'. दोन्ही ठेवू या. पण एक बघा, बोरीबंदर सांगतोय ते पोचतं कशातून? मॅकॉय स्पॉकला घालूनपाडून बोलतो, त्याच्या हिरव्या रक्तावरून टोमणे मारतो, आणि स्पॉक जखमी झाला की सगळ्यात आधी धावतो तोच. वेगळ्या माणसांबरोबर राहायचं म्हणजे रोज गोड बोलायचं नसतं. भांडता आलं पाहिजे, आणि भांडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर कामाला यायला पाहिजे. भाषण ठोकलं असतं तर आपण ऐकलं असतं का?

टोरांटोची माई

आपल्या एकत्र कुटुंबाचं वर्णन केलंस की रे.

रेवा आणि तिचा गोंधळ

कोणीतरी नवीन माणसासाठी क्रम द्या ना. मैत्रिणींना पुढचे भाग दाखवायचेत.

बोरीबंदर

'बॅलन्स ऑफ टेरर', मग 'डेव्हिल इन द डार्क', मग 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. शेवटच्याला रुमाल घेऊन बसा. एडिथ कीलरला वाचवलं तर हिटलर जिंकतो, म्हणून कर्कला

माळरान

अहो स्पॉयलर!!

बोरीबंदर

साठी आली मालिकेची, आता कसला स्पॉयलर.

हौशी नट

त्या जड भागानंतर तोंडाला चव यायला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'. केसाळ गोळे भराभरा वाढत जातात आणि कोठाराचं झाकण उघडल्यावर कर्कच्या डोक्यावर कोसळतात. शॅटनर त्यात उभा राहून जे तोंड करतो ते बघा, अभिनय येत नाही म्हणणाऱ्यांनी मग बोलावं.

अर्धवट_इंजिनियर

आणि 'स्पॉक्स ब्रेन' टाळा. कोणीतरी स्पॉकचा मेंदू पळवून नेतं आणि मॅकॉय रिमोट कंट्रोलने त्याचं धड चालवतो. वाईट म्हणजे किती वाईट!

ठाण्याची ठकू

खबरदार! 'स्पॉक्स ब्रेन' आमच्या घरातला सगळ्यात लाडका भाग आहे. इंग्रजी न कळणाऱ्यांना सगळाच्या सगळा कळणारा तो एकच होता. रात्री स्वतंत्र धागा काढते, तिथे या.